मबरूकच्या खुणा

लस्सादला निवांत बसलेला पाहिलाय, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस आमच्या कर्केना बेटावर सापडायचा नाही. नोकरी त्याची बोटीवर तिकिटं तपासायची. पलीकडच्या स्फाक्स शहराच्या धक्क्यावरून बोट सुटली की गाड्यांच्या रांगेतून, बायकांच्या पिशव्यांवरून उड्या मारत तो तिकिटं पाहून घ्यायचा. मग उरलेली सगळी खेप डेकवर येरझाऱ्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चहाचा पेला. चहा तो घ्यायचा गरम आणि समुद्रात ओतायचा गार झालेला.

फोनमध्ये काय, तर विश्वकोश. कोणीही यावं, लिहावं, दुसऱ्याने लिहिलेलं सुधारावं, असा इंटरनेटवरचा तो प्रचंड कारभार. त्यात आमच्या बेटांवरचे जवळजवळ सगळे लेख लस्सादच्या हातचे. पगार नाही, नाव नाही, शाबासकी नाही. त्याची बायको नजवा म्हणायची, "सवत आणली असतीस तर परवडलं असतं. तिने निदान भांडी तरी घासली असती."

सुरुवात रागातूनच झाली होती. कर्केनावर कोणीतरी तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या, आणि त्यातल्या एका ओळीत म्हटलं होतं की इथले लोक मेंढ्या पाळून जगतात. ज्या बेटावर पोरं चालण्याआधी पोहतात त्या बेटावर मेंढ्या! लस्सादच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने ती ओळ खोडली, दुसरी लिहिली, आणि मग जे लिहीत सुटला तो सुटलाच. उथळ पाण्यात खजुराच्या झावळ्यांचे कूड घालून मासे कसे अडवतात, लग्नात नवरीला कसं मिरवतात, मासा कसा खारवतात, कुठला दीपस्तंभ कोणी बांधला. कोणी एक स्वल्पविराम हलवला तरी ह्याला कळायचं. चुलतसासऱ्याच्या मयतीला गेला असताना फोन थरथरला, आणि हा जनाज्याच्या मागून चालता चालता कुणाची तरी खोडी निस्तरत होता. नजवाने त्या दिवशी त्याला चारचौघांत कोपराने ढोसलं होतं.

ह्या कामात त्याला एक जोडीदारीण होती. सुंदुस, स्फाक्सच्या एका शाळेत इतिहास शिकवणारी. ती नवी नवी आली तेव्हा तिने ईदला खाऱ्या माशाबरोबर खातात त्या मनुका-कांद्याच्या शरमूलावर एक लेख लिहिला होता, आजीने सांगितला तसा, मोठ्या प्रेमाने. लस्सादने तो संध्याकाळपर्यंत पार उडवून टाकला. तिने रडवेल्या आवाजात, तरी मानाचं 'सी' लावून, फोन केला.

"सी लस्साद, अहो माझी आजी साठ वर्षं करत आली शरमूला!"

"असेल. पण आजी हा संदर्भ होऊ शकत नाही. छापलेलं दाखव. आज तुझी आजी, उद्या माझी मावशी. मग विश्वकोश कशाला, पाणवठाच म्हणू या की."

सुंदुस चिडली, पण पळाली नाही. नियम शिकली, आणि इतक्या कडकपणे शिकली की गुरूच्या वरताण झाली. दोघं मिळून लेख रचायचे. तो लिहायचा, ती शंका काढायची. तो चडफडायचा, ती हटायची नाही. प्रत्यक्षात दोघं चारदोनदाच भेटली असतील, तीही बोट सुटायच्या घाईत. पण लस्साद सबंध दिवसात बायकोशी जितकं बोलायचा नाही तितकं सुंदुसशी भांडायचा.

त्या दोघांचा लाडका लेख होता मडक्यांच्या मासेमारीवरचा. ऑक्टोपसला अंधारं बीळ आवडतं. तळाशी मडकं दिसलं की तो त्यात बिऱ्हाड थाटतो, आणि मग कोळी येऊन त्याला बिऱ्हाडासकट उचलतो. सोपं वाटतं. खरी गोम पुढेच आहे. आमच्या उलाद झरूक गावचे जुने कोळी मडक्यांवर तरंगता बुचा बांधत नाहीत. बुचा दिसला की चोरालाही दिसतो. जागा लक्षात ठेवायची ती किनाऱ्यावरच्या खुणांनी. वाकडी खजूर मशिदीच्या मिनारावर आली, आणि त्याच वेळी पडक्या गिरणीचा कोपरा पांढऱ्या कबरीला टेकला, की होडीच्या बुडाखाली आपली मडकी. प्रत्येक घराच्या खुणा वेगळ्या. त्या बापाने मुलाला सांगायच्या, तेही समुद्रावर, तोंडी. दुसऱ्याने विचारायच्या नाहीत. इतकंच काय, शेजारची होडी आपल्या खुणा जुळवायला लागली की आपण तिच्याकडे पाठ करायची. न बघण्याची ही रीत आमच्याकडे नमाजाइतकीच पाळतात.

लस्सादचा बाप मबरूक हा त्यातला जुना माणूस. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा तो मुलाला होडीत घालून घेऊन गेला. लस्साद कोळी नव्हता आणि होणारही नव्हता. तरी म्हातारा म्हणाला, "माझ्यानंतर ह्या कोणाला तरी ठाऊक असाव्यात. नीट बघून घे." आणि आपल्या साऱ्या जागा त्याने एकेक करून दाखवल्या. लस्सादने नीट बघून घेतल्या. खिशातल्या फोनवर एकेक जागा टिपूनही घेतली. विसरू नये म्हणून, असं त्याने तेव्हा स्वतःला सांगितलं.

पुढे लेख ताऱ्याला लागला. तारा म्हणजे विश्वकोशातला मान. सगळे जुने संपादक तपासून देतात, आणि मग तो लेख एक दिवस मुखपृष्ठावर झळकतो. सुंदुसने शेवटची शंका काढली. "खुणांचं वर्णन हवेत राहतंय. एखादं खरं उदाहरण हवं, आकृतीसकट. आणि संदर्भ." लस्साद दोन दिवस तळमळला. उदाहरण त्याच्याजवळ होतं, संदर्भ नव्हता. बाप हा संदर्भ होऊ शकत नाही, हा नियम त्याच्याइतका कोणाला पाठ? मग त्याला युक्ती सुचली. गावचं एक मंडळ ऑक्टोपसच्या जत्रेला एक छोटी पुस्तिका काढायचं. मजकुराची वानवा असायचीच. लस्सादने दोन पानं लिहून दिली, बापाच्या साऱ्या जागांच्या आकृतीसकट, खाली नाव न घालता. पुस्तिका छापली, जत्रेत भजी-चणे बांधायला तिचा उपयोग झाला, आणि लस्सादने विश्वकोशात संदर्भ म्हणून तिचं पान टाकलं. सुंदुसने पान पाहिलं, समाधानाने मान डोलावली. तारा मिळाला. मुखपृष्ठाचा दिवसही ठरला.

बापाला विचारावं असं त्याच्या मनात आलं नव्हतं का? आलं होतं. पण बाप नाही म्हणाला असता.

हंगाम उघडला, आणि मबरूकची मडकी रिकामी यायला लागली. पहिल्या खेपेला म्हातारा म्हणाला, पाणी अजून कोमट असेल. दुसऱ्या खेपेला त्याने मडक्यांत हात घालून घालून पाहिलं. तिसऱ्या वेळी त्याने घरी येऊन एक मडकं लस्सादपुढे उलटं धरलं.

"हे बघ. बिऱ्हाड होतं ह्यात. शिंपल्यांचा केर आहे तळाला, त्याने खाऊन टाकलेला. राहणारा आपल्या पायांनी गेलेला नाही. कोणीतरी काढून नेलाय, आणि मडकं परत जागेवर ठेवलंय. कोणाला तरी माझ्या खुणा कळल्यात, लस्साद."

"तुम्हाला तसं वाटत असेल, बाबा," लस्साद म्हणाला, एक डोळा फोनवर ठेवून. मुखपृष्ठासाठी सुंदुसने एक वाक्य बदललं होतं, आणि त्याला ते पटलं नव्हतं.

बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात दुपारी पत्ते चालतात. मबरूक आणि हमादी हे तिथले कायमचे भिडू. हमादीही मडक्यांचाच कोळी, बायको गेलेली, मुलगी दूर परदेशात, ल्योंला, नांदणारी. दोघांच्या होड्या शेजारी शेजारी ओढलेल्या असायच्या. एकमेकांना 'गाढवा' म्हटल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडायचा नाही. त्या दुपारी लस्साद बोटीवरून उतरून तिथेच उभा होता, कॉफी हातात घेऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. हमादीने पत्ते वाटले. मबरूकने ते उचलले नाहीत.

"खेळ की," हमादी म्हणाला. "का हरायची भीती वाटते?"

"माझ्या मडक्यात ज्याचा हात जातो, त्याच्या हातचे पत्ते मी घेत नाही."

शेजारच्या टेबलावरचे आपले पत्ते खाली ठेवून बघायला लागले. हमादीने हळूच विचारलं, "मबरूक, काय बोलतोयस तू?"

"काल पहाटे माझ्या जागेवर तुझी होडी होती की नव्हती? का तिला आपोआप पाय फुटले?"

हमादीने मान वर केली. मबरूककडे नाही, लस्सादकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाला, "होती."

"कशाला गेला होतास?"

"असाच. सहज."

"समुद्रावर सहज! अरे, म्हातारा झालास पण धड खोटं बोलायलाही शिकला नाहीस. चोर तो चोर, वर अडाणी!" मबरूकचा आवाज चिरकला. "शुक्रवारी नमाजानंतर अमीनपुढे बोलतो मी. सगळ्यांसमोर."

अमीन म्हणजे कोळ्यांचा मुखिया. त्याच्यापुढे मडकीचोर ठरलेल्या माणसाला आमच्याकडे तुरुंग नसतो. पण त्याची होडी वर ओढायला कोणी हात लावत नाही, आणि वादळात तो परतला नाही तर शोधायला कोणी जात नाही. ह्या वयात हमादीला ते म्हणजे समुद्र बंद होण्यासारखंच होतं. तरी त्याने नुसते पत्ते गोळा केले, नीट रचून ठेवले आणि निघून गेला. लस्सादलाही त्याचा रागच आला. चोरी केली नसेल तर गप्प कशाला बसायचं, असं त्याला वाटलं.

बुधवारच्या खेपेला बोटीवर गर्दी नव्हती. बांधकामाच्या सामानाचा एक ट्रक, दोन-चार कुटुंबं, आणि मागे एक छोटी गाडी, तिच्या टपाला टेकून उभी असलेली परकी दोन माणसं. त्यांची तिकिटं घ्यायला लस्साद गेला आणि त्याची नजर एकाच्या फोनवर पडली. फोनवर त्याची आकृती होती. ती निळी रेघ त्याने स्वतः निवडली होती, तीनदा बदलून.

त्याला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं हा माणूस लिहीत होता, पण आपलं लिहिलेलं कोणी वाचताना त्याने डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"कसा वाटला लेख?" त्याने विचारलं.

"एक नंबर!" तो माणूस म्हणाला. "बाकीचे नुसत्या गप्पा मारतात. ह्यात थेट जागा दिल्यात."

"मीच लिहिलाय."

"काय सांगता, उस्ताद! द्या, हात द्या!" त्याने लस्सादचा हात दोन्ही हातांत घेऊन गदगदा हलवला. "पोराबाळांची दुवा लागेल तुम्हाला. गेल्या खेपेला दोन्ही पेट्या भरून नेल्या."

तेव्हा कुठे लस्सादचं लक्ष गाडीत गेलं. आत बर्फाच्या पेट्या होत्या. त्यांच्यावर बुडी मारायचे काळे पोशाख वाळत टाकले होते.

"ती मडकी... कोणाची तरी असतात," तो कसाबसा म्हणाला.

दुसरा माणूस हसला. "समुद्र काय कोणाच्या बापाचा असतो?"

माझ्या बापाचा, असं लस्सादच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो तिकिटं फाडून परत देऊन वळला. सरळ चालत डेकच्या टोकाला गेला. टोकाला गेल्यावर आणखी पुढे जायला जागा नव्हती, म्हणून परत फिरला. पोलिसांना सांगावं, तर जागा कळल्या कुठून, हे ते पहिलं विचारणार. बापाला फोन करावा, तर काय म्हणून करावा? त्याने फोन काढला आणि लेखातली आकृती उडवून टाकली. बस्स. ती नसली की सगळं हळूहळू मिटेल, बाबांना म्हणू मडक्यांची जागा बदला, हमादीकाकांचं काय ते बघता येईल.

बोट धक्क्याला लागेपर्यंत आकृती परत आली होती. खाली सुंदुसची टीप: 'संदर्भ असलेला मजकूर कारण न देता काढला.' त्याने पुन्हा उडवली. ती पुन्हा आली. त्याने तिसऱ्यांदा उडवली आणि तेवढ्यात फोन वाजला.

"सी लस्साद, तुमचं खातं कोणी चोरलंय का?"

"नाही. मीच काढतोय."

"का?"

"नको आहे ते तिथे."

"कोणाला नको आहे?"

"माझ्या वडिलांना."

"वडील हा संदर्भ होऊ शकत नाही," सुंदुस म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता, तेच तर वाईट होतं. "तुम्हीच शिकवलंत मला. एखाद्याला नको म्हणून छापलेली गोष्ट काढायची नाही. नाहीतर उद्या नगरपालिकेचा माणूस येईल आणि म्हणेल, पाणी तुंबल्याचं काढा. रविवारी लेख मुखपृष्ठावर जातोय, सी लस्साद! हजारो लोक बघतील. आणि तुम्ही ऐन वेळी..."

"हजारो," लस्साद म्हणाला.

"आणि काढून काय होणार? लेखाच्या इतिहासात राहतंच. कोणीही मागचं पान उघडून बघेल. पार झाकायचं तर विश्वकोशाच्या प्रचालकांना तसं भक्कम कारण द्यावं लागेल. आहे का तुमच्याकडे?"

होतं. पण ते सांगायचं म्हणजे पुस्तिका कोणी लिहिली ते सांगायचं. ज्याने सुंदुसच्या आजीला हाकललं, त्याने स्वतःच्या बापाला वेश पालटून आत घेतलं, हे सगळ्यांसमोर कबूल करायचं. "विचार करून सांगतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

विचार कसला करतोय! त्या दिवशी त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनदा पाव आणला. दाराची कडी दुरुस्त करायला घेतली आणि मोडून ठेवली. नजवाने ऑक्टोपस घालून कुसकुस केला होता, तो समोर आल्यावर हा उभा राहूनच उकरत राहिला.

"निदान जेवताना तरी बूड टेक," नजवा म्हणाली. "काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणाऱ्याचे पाय असे नाचत नाहीत. तुझा तो तारा गेला की काय?"

"गेला तर तुला वाईट वाटेल?"

"मला? मी शेजारपाजाऱ्यांना मिठाई वाटीन." मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि थट्टा आवरली. "बाबा सकाळपासून अंगणात बसून आहेत. जेवायला आले नाहीत. हमादीकाकांच्या दारावरून कोणी गेलं तर मान फिरवून जातंय, मी बघितलं. बाबांना वाटतंय ते जिंकले. पण त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही."

गुरुवारी दुपारच्या खेपेला लस्साद बोटीच्या कठड्याला टेकून उभा राहिला आणि त्याने लेखाच्या चर्चापानावर लिहिलं. कित्येक शब्द दोनदोनदा खोडावे लागले.

'पुस्तिकेतली ती पानं मी लिहिली आहेत. खुणा माझ्या वडिलांच्या, मबरूक यांच्या. त्यांनी त्या मला विश्वासाने दाखवल्या होत्या. मी त्यांना विचारलं नाही. त्या जागांवर आता चोऱ्या होत आहेत आणि एका निरपराध माणसावर आळ आला आहे. आकृती काढावी आणि इतिहासातही झाकावी. ह्या भागाला दुसरा कुठलाही संदर्भ नाही. माझ्या बाकीच्या लेखांत मी असं केलं आहे का, तेही तपासून घ्यावं.'

पाठवलं, आणि फोन खिशात टाकला. बोट कर्केनाला लागायच्या आत उत्तर आलं होतं. 'प्रचालकांनी झाकलं. तारा काढून घ्यावा लागला. रविवारी दुसरा लेख जाईल. तुमचे सगळे लेख मी तपासायला घेतलेत, पहिल्यापासून. मला फार राग आलाय, सी लस्साद. माझी आजी गेल्या वर्षी वारली.'

ती शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली. पण थांबायला वेळ नव्हता. तो तडक घरी आला. बाप अंगणात भिंतीशी बसून सुरीने मडक्यांवरचे शिंपले खरवडत होता.

"बाबा, हमादीकाकांनी चोरी केलेली नाही."

सुरी चालूच होती. "तुला कोणी सांगितलं?"

लस्सादने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खिशातला फोन, पुस्तिका, आकृती, बोटीवरची माणसं. बोलताना तो एवढ्याशा अंगणात फेऱ्या मारत होता. म्हाताऱ्याने मध्ये एकदाच विचारलं, "सगळ्यांना दिसत होतं? जगात कोणालाही?"

"हो. आता नाही दिसत."

"पण दिसत होतं."

"हो."

मबरूक ओरडेल, हातातलं मडकं भिरकावेल, अशी लस्सादची तयारी होती. तसं काही झालं नाही. म्हातारा आपल्या हातांकडे बघत बसला.

"मी हमादीला चोर म्हटलं," तो म्हणाला. "चारचौघांत." आणि उठला. "चल. तू सांगायचंस. माझ्या तोंडून निघणार नाही."

हमादीचं दार उघडंच होतं. तो चुलीपाशी बार्लीचा पाव तेलात बुडवून खात होता. मबरूक उंबऱ्याबाहेर थांबला, आत पाऊल टाकलं नाही. लस्सादने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. हमादीने हात वर केला.

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?" मबरूकने बाहेरून विचारलं.

"पोरीने ल्योंहून पाठवलं होतं. बाबा, आपलं गाव बघा कसं आलंय म्हणून. बघतो तर वाकडी खजूर आणि गिरणीचा कोपरा." हमादीने पावाचा तुकडा खाली ठेवला. "आयुष्यभर मी तुझ्या जागेकडे पाठ करून होडी हाकली, मबरूक. चुकून दिसू नये म्हणून. आणि पोरीने सगळं माझ्या तळहातावर आणून ठेवलं. मी फोन पालथा घातला. पण दिसायचं ते दिसलं."

"मग पहाटे तू..."

"मग काय करणार? जाऊन बसायचो. मला दिसलं तसं चोरालाही दिसणार. एकदा हुसकावलेही मी ते बुडीवाले, वल्हं उगारून. रोज नाही जमलं. गुडघे साथ देत नाहीत."

मबरूक आता आत आला होता. "मग त्या दिवशी तोंड शिवलं होतं का तुझं, गाढवा?"

"काय बोलू? तुझ्याच पोराने तुझ्या खुणा चव्हाट्यावर मांडल्या म्हणू? भर दुकानात, त्याच्या तोंडावर?" हमादीने लस्सादकडे पाहिलं, रागाने नाही. "माझ्याशी फाटलं असतं तर तू चार शिव्या घालून जेवला असतास. पोराशी फाटलं असतं तर तुला जेवायला कोणी वाढलं असतं?"

मबरूक खाली बसला, चुलीच्या ह्या बाजूला. त्याने हमादीच्या ताटलीतला तो अर्धा पाव उचलला आणि खायला लागला. खाता खाता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही. हमादीने तेलाची वाटी त्याच्याकडे सरकवली. लस्साद दारात उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही.

शुक्रवारी नमाजानंतर मबरूक अमीनपुढे बोलला, ठरल्याप्रमाणे, सगळ्यांसमोर. "हमादी चोर नाही. मी खोटं बोललो," एवढंच. मग चोर कोण, असं दोघातिघांनी विचारलं. मुलाचं नाव त्याने घेतलं नाही. लस्सादने स्वतःच घेतलं. त्यावर लोक जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी मबरूकने साऱ्या जागांवरची मडकी उचलून किनाऱ्यावर आणली. आता ती नव्या जागी टाकायची, नव्या खुणांवर. रविवारी सकाळी होडी भरली. लस्साद सुट्टी घेऊन आला होता. विश्वकोशाच्या मुखपृष्ठावर त्या दिवशी कुठल्यातरी पुलावरचा लेख होता, हे त्याने उठल्या उठल्या बघून घेतलं होतं, आणि मग फोन नजवाच्या हातात दिला होता.

हमादी होडीत चढताना त्याने पाहिला. मबरूकच त्याला हात देऊन चढवत होता. एका घराची मडकी पडताना दुसऱ्या घरचा माणूस होडीत, असं आमच्या किनाऱ्यावर कोणी ऐकलेलं नाही. बंदरावरचे लोक जाळी हातात धरून बघत राहिले.

"नव्या खुणा धरायला चांगले डोळे लागतात," मबरूक कोणी न विचारताच म्हणाला. "माझे पिकलेत."

लस्साद गुडघाभर पाण्यात गेला आणि त्याने होडीची कड धरली. "बाबा, मीही येतो. फोन घरी ठेवलाय. हे बघा." त्याने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

मबरूकने खिशांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "फोनचं नाही रे, बाळा. तुला एखादी गोष्ट कळली की ती जगाला सांगितल्याशिवाय तुझा जीव थाऱ्यावर राहत नाही. त्यात तुझा दोष नाही. तू घडलासच तसा. पण ह्या खुणा त्या कामाच्या नाहीत."

"पण तुमच्यानंतर? कोणाला तरी ठाऊक असाव्यात, तुम्हीच म्हणाला होतात."

"असतील की. ह्याला." मबरूकने हमादीकडे हनुवटी वळवली. "लागल्याच तर त्याला विचार. सांगायचं की नाही, ते तो ठरवील."

हमादी काहीतरी बोलणार होता. मबरूकने वल्हं उचललं. लस्सादने कड सोडली.

होडी निघाली. खाडीच्या तोंडाशी ती डावीकडे वळली की उजवीकडे, ते किनाऱ्यावरून सहज दिसलं असतं. वळल्यावर कुठल्या खजुरीच्या रेषेत थांबली, तेही दिसलं असतं. लस्सादला आमच्या किनाऱ्यावरचा प्रत्येक झाडमाड पाठ होता.

त्याने समुद्राकडे पाठ केली. समोर वाळत टाकलेली जाळी होती आणि दुकानाची भिंत. लोक येता जाता त्याच्याकडे बघत होते. कोणीतरी कॉफी आणून दिली, ती त्याने घेतली. होडी परत किनाऱ्याला लागल्याचा आवाज येईपर्यंत तो त्याच जागी उभा होता, आणि पाय त्याने हलवला नाही.